आमनी हायब्रीड

बोरखेडे,
ता. २१ जून १९८७

चि. कोकिळा हिस,
सुगंधाआजीचे अ. आ. वि. वि.

त्या सकाळी मी ओसरी सारवत होते. सारवणात पाणी जास्त झालं होतं म्हणून हात भरभर चालवत होते. तुझी आई चुलीवर तुझ्या अंघोळीचं पाणी तापवत होती, तुझा बाप मागच्या दारी आरसा खुंटीला लावून दाढी करत होता, आणि तू दारात गोधडीवर पालथी पडून सुपातली ज्वारी खायला बघत होतीस. तेवढ्यात आबा मळ्यातून आले. दुष्काळाच्या पुढचं साल होतं. त्यांनी पहिल्यांदाच हायब्रीड ज्वारी लावली होती आणि तिचं एक भरलेलं कणीस गावाला दाखवायला हातात घेऊन हिंडत होते. त्यांनी ते कणीस तुझ्या दंडाशेजारी धरलं, दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाले की आपल्या अभिमनचंही पीक हायब्रीड आलंय, केवढं भरलंय बघा. अभिमनच्या अर्ध्या गालाला साबण होता. तो तसाच हसत आला. तुझी आईसुद्धा हसली. मी सारवत राहिले, पण मीही हसले असणार.

तू विचारलंस की तुला हायब्रीड पहिल्यांदा कोण म्हणालं, म्हणून आठवून लिहिलं. तुझे आजोबा गेल्यावर ह्या घरात थोरले आबाच, आजोबांचे मोठे भाऊ. त्यांच्या मनात त्या दिवशी वाईट काही नव्हतं. तुझ्या आईबापानं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा घरात चूल पेटली नव्हती, आणि वर्षाच्या आत तू आलीस तर आबा तुला खांद्यावर घेऊन गावभर फिरले. नाव कोकिळा ठेवलं, पण गावानं हायब्रीडच धरलं. लहानपणी तू त्याच नावानं ओ द्यायचीस.

पण हे आता का विचारतेस ते लिहिलं नाहीस. नववीत गेलीस म्हणून आजीची परीक्षा घेतेस का? पाऊस दोनदा येऊन गेला, कपाशी उगवली आहे. यंदा कानबाई लवकर आहे, नागपंचमीनंतरच्या रविवारी. तेव्हा ये. तुझी वेणी घालायला इथे कोणी नाही म्हणून माझे हात रिकामे आहेत.

आईला आशीर्वाद सांग. पत्राची वाट पाहणारी,
आजी

*

धुळे,
ता. २९ जून १९८७

ती. आजीस,
कोकिळेचा सा. न. वि. वि.

का विचारलं ते लिहिते. आमच्या विज्ञानाच्या सरांनी संकरित वाण शिकवायला घेतले. ते हायब्रीड म्हणाले आणि मला हसू आलं. सरांनी विचारलं काय झालं. मी सांगून टाकलं की गावी मला हायब्रीड म्हणतात. सरांनी खडू बदलला आणि फळ्याकडे वळले. मग मधल्या सुट्टीत दोघींनी विचारलं की तुझे पप्पा कोण होते आणि आई कोण. मी सांगितलं की पप्पा पाटील आणि आई तळोद्याकडची, भिल्लांची. त्या बऱ्या मुली आहेत, वाईट काही म्हणाल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी डबा खाताना जरा सरकून बसल्या. कदाचित ऊन होतं म्हणूनही असेल.

मी वाचनालयात शब्दकोश काढला. संकर म्हणजे मिसळ आणि भेसळ, दोन्ही एकाच ओळीत आहे. सर म्हणाले की संकरित बी पहिल्या वर्षी जोरात येतं, पण त्याचं धान्य पुढच्या वर्षी बियाणं म्हणून धरत नाहीत. हे खरं का गं आजी? तुला शेतीतलं कळतं म्हणून विचारते.

दुसरं असं. मैत्रिणीला मी कानबाई समजावून सांगत होते. घरातल्या दर पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घालतात, ते दळून रोट करतात आणि ते रोट फक्त त्या कुळातलेच खातात, बाहेर कोणाला देत नाहीत, लग्न झालेल्या लेकींनासुद्धा नाही. हे सांगता सांगता मी थांबले. पप्पा होते तेव्हा ते पहिला तुकडा मला द्यायचे आणि म्हणायचे, ही माझी मूठ आहे, म्हणजे तुझी. आता त्यांची मूठ घालत नाहीत. मग गेली दोन वर्षं मी कोणाच्या मुठीतलं खाल्लं? मे महिन्यात लग्नाला आले होते तेव्हा बन्सीकाकांनी वाढणाऱ्याला सांगितलं की हायब्रीडला इकडे बाजूला बसव. त्यांना वाटलं मी ऐकलं नाही.

आजी, कानबाईला मी यावं की येऊ नये, हे तू मला सरळ सांग. तू सांगशील तसं करीन. आईला विचारलं तर ती म्हणते तुझ्या आजीला विचार.

रागावू नकोस, आणि आहेस तशीच माझी राहा.
तुझी,
कोकिळा

*

बोरखेडे,
ता. १० जुलै १९८७

चि. कोकिळा हिस,
आजीचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. 

बियाण्याचं सर म्हणाले ते खरं आहे. बन्सीलाल दर साली नव्या पिशव्या आणतो. एका साली आबांनी हट्टानं घरचंच हायब्रीडचं बी पेरलं होतं. काही ताटं कमरेएवढी आली, काही डोक्याच्या वर गेली, काहींना कणीसच आलं नाही. आबा बांधावर उभं राहून एकटेच हसत होते. गुरांनी सगळं सारखंच खाल्लं. ह्यातून तुला काही सांगायचं आहे असं नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

शब्दाचं म्हणशील तर मीही धरणगावच्या बाजाराला गेले तेव्हा वाचनालयात बसून तो जाड कोश पाहिला. तिथल्या माणसानं मला दोनदा विचारलं की बाई, तुम्हालाच पाहिजे का. तुला सापडला तोच अर्थ निघाला. मला वाटलं होतं आमच्या गावात वापरतात तोही कुठं असेल. इथे रेशनचा तांदूळ बेचव लागला की तो हायब्रीड, ऐकत नाही ते पोरगं हायब्रीड, नवी सून निंदताना लवकर दमली की ती हायब्रीड. आणि शेजारची झुंबरबाई तुझ्या हातावर गुळाचा खडा ठेवताना म्हणते ती हायब्रीड. बन्सीलालनं लग्नात म्हटलं ते मात्र ह्यातलं कुठलं, ते मला माहीत आहे. तुलाही कळलं. मी तिथे पंगतीला पाणी वाढत होते आणि मीही ऐकलं होतं.

 मुठीचं वाचून मीच विचार करत बसले की मी कोणाच्या मुठीतलं खाते. तुझे आजोबा गेल्यापासून अभिमनच्या खात होते. तो गेल्यापासून कोणाच्या, ते मी कधी विचारलं नाही. ताट येतं आणि मी जेवते.

यावं की नाही ते आबांना विचारून लिहिते. मला स्वतःला विचारशील तर मी तुझ्यासाठी उशीला नवा अभ्रा शिवला आहे.

अभ्यास कर. माया कमी झाली असं मनात आणू नको.
आजी

*

बोरखेडे,
ता. २१ जुलै १९८७

चि. लताबाईस,
अ. आ. वि. वि.

हे पत्र तुला लिहिते आहे, कोकिळेला नाही. ती शाळेत असताना वाच.

मी आबांना विचारलं. ते दारात बसून टोपी हातात फिरवत राहिले. म्हणाले, पोर माझी लाडकी शे, तिला कोण नाही म्हणतं. मग म्हणाले की बन्सीलालच्या प्रमिलाला पाहायला नरडाण्याचे पाहुणे नेमके कानबाईलाच येणार आहेत. जुन्या वळणाचे लोक आहेत. घरातली एकेक पोर कोणाची ते विचारतील. आपण खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगितलं तर प्रमिलाचं मोडेल. एवढं एक वर्ष कोकिळेला दिवाळीला बोलवा, असं म्हणाले. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. उठताना त्यांचा गुडघा धरला, तर मला हात द्यावा लागला.

मी हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. घर त्यांचं आहे. तुझे सासरे गेले तेव्हा त्यांनी मला ह्या घरात ठेवून घेतलं, अभिमनला शिकवलं. त्यांच्यापुढं मी काय बोलू, मला कळत नाही. थोरली जाऊ बेबाबाई म्हणते, मोठ्या कामात असं करावंच लागतं. ती तिच्या नातीपुरती खरी आहे.

कोकिळेनं मला सरळ सांग म्हणून लिहिलं आहे. माझ्यानं ते लिहवत नाही. तू तिला एवढं सांग की परीक्षा जवळ आहे, किंवा तुला दवाखान्यात जास्तीची ड्युटी आहे. काहीही सांग. तू तिची आई आहेस, तुझं ती ऐकेल.

तुझ्या तब्येतीचं कळव. उभ्यानं काम असतं, पायांना तेल लावत जा.
सुगंधाबाई

*

धुळे,
ता. २५ जुलै १९८७

ती. आईंस,
लताचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमचा त्रास मला कळतो. पण मी कोकिळेला हे सांगणार नाही. परीक्षेचं खोटं सांगितलं तर तिला लगेच कळेल आणि मग ती माझ्याशीही बोलायची नाही. सध्या घरात आम्ही दोघीच आहोत, मला ते परवडणार नाही. सांगायचं असेल तर ज्यांनी ठरवलं त्यांनी सांगावं.

तुम्हाला एक लिहिते, रागानं नाही. उन्हाळ्यात तिला माझ्या माहेरी नेलं होतं. तिथे माझ्या चुलतभावाच्या पोरांनी तिला खेळायला घेतलं, पण हाक मारताना पाटलीण म्हणत होती. पाटलीणबाई आल्या, त्यांना खाटेवर बसवा, आपल्याबरोबर जमिनीवर कशा बसतील. चेष्टाच होती. तिनं दोन दिवस सहन केली आणि तिसऱ्या दिवशी धुळ्याला चला म्हणाली. मला वाटायचं की निदान तुमच्याकडे तिचं ठरलेलं आहे, काही झालं तरी रोट तिच्या ताटात पडतो.

ह्यांनी लग्नाच्या वेळी मला सांगितलं होतं की दोन घरं मिळतील तिला. ते असते तर आज त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी रोज विचार करते.

तेल लावते. तुम्हीही जपा, आणि आमच्यावरची नजर काढू नका.
लता

*

बोरखेडे,
ता. २९ जुलै १९८७

चि. कोकिळा हिस,
आजीचे अ. आ. वि. वि.

हे पत्र बसच्या कंडक्टरजवळ देते आहे, तो धुळ्याला पोस्टात टाकेल, म्हणजे वेळेवर मिळेल. कोकिळा, तू ये.

आज सकाळी कानबाईचे गहू काढले. मूठ बेबाबाई घालते आणि नावं मी सांगते, कारण तिला क्रम राहत नाही. आधी आबांचं नथ्थू, मग त्यांचे दोघे बन्सीलाल, हिलाल, आणि पुढं मी अभिमन म्हटलं. गेली दोन वर्षं हिलालनंतर मी ते नाव गाळून पुढच्या नावाला जायचे. आज काय झालं ते मला सांगता येणार नाही. मुद्दाम केलं नाही. नाव तोंडात आलं आणि बेबाबाईच्या हातानं, सवयीनं, गहू परातीत सोडले. मग ती थांबली. तिचा हात तसाच वर राहिला. सगळ्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या.

कानबाईसाठी घातलेली मूठ मागे घेता येत नाही, आणि गहू तर सगळे एकात एक मिसळलेले, कोणाचे कोणते निवडणार. बेबाबाई रडायला लागली की गेलेल्या माणसाची मूठ पडली, आता माझ्या नातीच्या कार्यात काय होईल. आबांना बोलावलं. ते परातीजवळ आले. मला वाटलं आता मला बोलतील. ते म्हणाले, पडली ती पडली, कानबाईनं घेतली. हिलालनं विचारलं की मग ह्या मुठीचा रोट कोण खाईल. आबा म्हणाले, ज्याची मूठ, त्याची पोर खाईल, दुसरं कोण. बन्सीलाल पाहुण्यांचं बोलायला लागला, तर म्हणाले, पाहुण्यांना मी बघतो. आणि बाहेर निघून गेले. जेवायलाही आले नाहीत.

तेव्हा रविवारी सकाळच्या गाडीनं निघ. अमळनेरला बदलायची. मला न्यायला येता येणार नाही, पुरणावर मी आहे. वाट तुला माहीत आहे. सरळ घरी ये. आधी वाईट वाटलं असेल ते आल्यावर बोलू.

रोट झाकून ठेवते.
आजी

*

धुळे,
ता. ४ ऑगस्ट १९८७

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

कोकिळा रविवारी सकाळी निघाली होती आणि दुपारीच परत आली. पिशवी उघडलेलीही नाही. तुमच्यासाठी नेलेली शेव तशीच आहे. जाताना तिनं पप्पांनी घेतलेला निळा फ्रॉक घातला होता. तो तिला आखूड होतो, तरी तोच घातला. काय झालं ते सांगत नाही. शाळेत जाते, जेवते, माझ्याशी बोलते, पण त्याबद्दल नाही. काल तिनं वहीवरचं नाव खोडून नुसतं कोकिळा ठेवलं आहे, पुढं काही नाही.

तिथे घरात कोणी काही बोललं का? मला खरं कळवा. मी कोणाशी भांडणार नाही. मला फक्त कळायला पाहिजे की मी तिच्याशी काय बोलू.

लता

*

बोरखेडे,
ता. ११ ऑगस्ट १९८७

चि. कोकिळा आणि चि. लताबाई, दोघींस,
अ. आ. वि. वि.

दोघींनी मिळून वाचा. कोकिळा, तुला हे सगळं माहीत आहे, पण तुझ्या आईला कळायला पाहिजे, आणि तू सांगणार नाहीस.

रविवारी मी दर गाडीला दाराकडे बघत होते. पाहुणे आले, तू नाही. संध्याकाळी कानबाईपुढं गाणी झाली तेव्हा मी मनात धरलं की आईनं सोडलं नसेल. सोमवारी कानबाई नदीला नेली, तिथे झुंबरबाईनं मला विचारलं की तुनी नात काबर पयनी, का पळाली म्हणून. मग एकेक बाहेर आलं.

ती सांगते की तू आणि नरडाण्याचे पाहुणे एकाच गाडीनं उतरलात. त्यांच्यातली एक बाई तुझ्याशी अमळनेरपासून बोलत आली होती, तुला तिनं पेरूची फोड दिली होती आणि तुझी पिशवी स्वतः उतरवून घेतली. तू तिला सांगितलं होतंस की मी अभिमन पाटलांची मुलगी, आजीकडे रोट खायला चालले. झुंबरबाई स्टॉपवरच बसली होती. तुला बघून तिला काय आनंद झाला ते ती मला आताही हातवारे करून सांगते. तिनं तुझ्या गालावरून बोटं मोडली आणि त्या बाईला म्हणाली, आमनी हायब्रीड उनी, आमची आली, बठ्ठा गावनी लाडकी शे, सगळ्या गावाची. बाईला कळलं नाही. तिनं विचारलं, हायब्रीड म्हणजे काय. आणि झुंबरबाईनं, तिच्या पोटात काही राहत नाही, सगळं समजावून सांगितलं, बाप कोण, आई कोण, आबांनी कणीस कसं धरलं होतं, सगळं. हसत हसत सांगितलं. गाडी तिथेच वळत होती. तू पिशवी घेतलीस आणि त्याच गाडीत चढलीस. झुंबरबाई गाडीमागं थोडी धावली. तिला वाटलं तू काहीतरी विसरलीस.

लताबाई, घरात कोणी काही बोललं नाही. हे तुला खरं कळावं म्हणून लिहिते. बोलली ती एकटी झुंबरबाई, आणि तिनं मायेनं म्हटलं.

पाहुण्यांनी प्रमिलाला पसंत केलं. त्या बाईनं जेवताना दोनदा विचारलं की ती गोड पोरगी कुठं गेली, ती तुमच्याच घरची ना. आबा हो म्हणाले. माझीच नात, म्हणाले. सगळ्या पंगतीत ऐकू आलं. तू तिथे असायला पाहिजे होतीस. आबांनी दुसऱ्या दिवसापासून मला तुझ्याबद्दल काही विचारलेलं नाही, पण गाडीचा आवाज आला की बघतात.

शनिवारी मी झुंबरबाईकडे गेले. तिला सांगितलं की कोकिळेला तो शब्द आता म्हणू नको. ती आधी हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाली, मी कधी वाईट म्हटलं का. मी म्हटलं नाही. म्हणाली, मग काय म्हणू? मी म्हटलं नाव घे. तर म्हणाली, नाव तर तिला शाळेतले मास्तर पण म्हणत असतील, मी काय म्हणू? माझ्याजवळ दुसरा शब्द नव्हता. मी बरंच आठवून पाहिलं. तिनं उठून एका कागदात गुळाचे खडे बांधून दिले, तुला पाठवायला. ते ह्या पत्राबरोबर जाणार नाहीत, मुंग्या लागतील. माझ्याजवळ ठेवले आहेत.

कोकिळा, तू म्हणाली होतीस मी सांगेन तसं करशील. मी ये म्हटलं आणि तू आलीस.  वहीवर नुसतं नाव ठेवलंस तरी चालेल. तुझा बाप लिहायला शिकला तेव्हा तोही पाटीवर नुसतं अभिमन लिहायचा, पुढचं त्याला जमत नव्हतं.

पत्र लिहावंसं वाटलं नाही तर नुसतं कोरं कार्ड टाक. तुझ्या हातचा पत्ता दिसला तरी मला पुरे.

तुम्हा दोघींची,
सुगंधाबाई

ता. क. रोटाचं लिहायचं राहिलं. तुझा रोट मी फडक्यात बांधून माझ्या फळीवर ठेवला होता. तो घराबाहेर नेता येत नाही, आणि पुनवेच्या आत संपवावा लागतो. घरात कोणी त्याला हात लावला नाही, मीही कोणाला दे म्हटलं नाही. शनिवारी झुंबरबाईकडून आले तेव्हा तो पार वाळला होता, नख लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुनव होती. मी तो पाण्यात भिजवला आणि खाल्ला.